तीन बोटं

दवाखान्यात कुणीही येवो, दात किडलेला असो की कवळी ढिली झालेली असो, खुर्चीत बसवल्यावर मी पहिलं सांगते: "स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जोडून उभी धरा आणि तोंडात घाला." बऱ्याच जणांना वाटतं मॅडम गंमत करताहेत. काही जण आधी हात धुऊन येतात, ते मला आवडतं. तीन बोटं वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये सुखानं बसली, तर तोंड नीट उघडतंय. मोठ्या माणसात हे अंतर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर भरतं. बोटं मात्र ज्याची त्याचीच हवीत, माझी नाहीत. लहान तोंडाच्या माणसाची बोटंही बारीक असतात.

मार्चमध्ये एक २३ वर्षांचा मुलगा आला. टेम्पो चालवतो. खालची अक्कलदाढ ठणकत होती, गालाचा मागचा भाग सुजला होता. तीन बोटं म्हटल्यावर त्यानं एक आत घातलं, दुसरं कडेनं सरकवायला बघितलं, नख दाताला घासलं आणि हात खाली घेतला.

"एकच जातंय मॅडम."

"कधीपासून?"

"दाढ सुजल्यापासनं."

मी पट्टी लावून मोजलं. १६ मिलिमीटर. दाढ सुजल्यापासूनच असावं अशी माझीही फार इच्छा होती. तसं का, ते सांगायचं तर आधी तोंड उघडतं कसं हे सांगायला हवं, आणि त्यावर मी बोलायला लागले की थांबत नाही, हे घरचे सगळे जाणतात.

वाचता वाचता एक करून बघा. दोन्ही कानांच्या भोकांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीला बोटाखाली एक हाड जागच्या जागी फिरतं, दाराच्या बिजागरीसारखं. अजून उघडलं की तेच हाड बोटाखालून निसटून पुढे जातं आणि तिथं छोटा खळगा पडतो. ते खालच्या जबड्याचं डोकं, आम्ही त्याला काँडाइल म्हणतो. म्हणजे तोंड मोठं उघडताना आपला जबडा दोन्ही बाजूंनी आपल्या खोबणीतून बाहेर येऊन समोरच्या उंचवट्यावर चढतो. जांभई दिली की चढतो, वडापावचा मोठा घास घेतला की चढतो, आणि मिटताना गुपचूप परत जातो. अर्धवट बाहेर येणं हेच ज्याचं रोजचं काम आहे, असा सांधा मला तरी शरीरात दुसरा आठवत नाही.

त्याला पुढे ओढतो एक करंगळीएवढा स्नायू, लॅटरल टेरिगॉइड. चघळण्याचे स्नायू चार जोड्या. दात घट्ट आवळून कानशिलाला हात लावा, तिथं फुगतो तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा पसरलेला. गालाच्या मागच्या कोपऱ्यात जो टणक गोळा लागतो तो मॅसेटर. माणूस दातओठ खातो तेव्हा लांबूनही दिसतो. तिसरा मीडियल टेरिगॉइड, जबड्याच्या आतल्या अंगाला, मॅसेटरच्या समोरासमोर. या दोघांनी मिळून जबड्याचा कोपरा झोळीत धरल्यासारखा धरलेला असतो. हे तिघंही तोंड मिटणारे. उघडण्याच्या बाजूला चौघांतला एकटा लॅटरल टेरिगॉइड आणि मदतीला हनुवटीखालचे बारके स्नायू. धनुर्वातात सगळेच स्नायू एकदम आखडतात, पण जिंकतात मिटणारे. म्हणून दातखीळ बसते.

लॅटरल टेरिगॉइड बाहेरून हाताला लागत नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये त्याच्यापर्यंत पोचायला आम्हाला तीन दिवस लागले होते. मॅसेटर कापून उलटवला, गालाच्या हाडाची कमान करवतीनं काढली, जबड्याचा उभा भाग वरून छाटला. मग एका बोटाएवढ्या जागेत सगळं एकदम दिसलं. आडवा पडलेला तो स्नायू, त्याची दोन डोकी, त्यांच्या अंगावरून वळणं घेत गेलेली धमनी. दोन डोक्यांच्या फटीतून गालाकडे निघालेली एक नस, म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे. आणि खालच्या कडेखालून बाहेर पडून शेजारी शेजारी उतरणाऱ्या दोन: एक जिभेला जाणारी, दुसरी खालच्या दातांना. दातांची नस भिजलेल्या जाड शेवईएवढी होती. सरांनी मला चिमट्यात धरून ती खालपर्यंत सोडवायला लावली. जबड्याच्या आतल्या बाजूला एक भोक असतं, तिथून ती हाडात शिरली. मग हाडाच्या आत सगळ्या दाढांच्या मुळाखालून गेली, आणि तिची एक फांदी हनुवटीजवळच्या दुसऱ्या भोकातून बाहेर आली, ओठाकडे. खालची दाढ बधिर केल्यावर पेशंट म्हणतो, "ओठ दगड झाला." तो का, हे त्या दिवशी हातानं कळलं. तो देह एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता, दान केलेला. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. खालच्या जबड्यात भूल देताना आजही माझ्या डोळ्यांपुढे त्यांचाच जबडा असतो.

या सगळ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या, ट्रायजेमिनलच्या. तिच्या तीन फांद्या. पहिली कपाळाची आणि डोळ्याची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. पहिल्या दोघींकडे फक्त संवेदना आहे. चघळण्याच्या स्नायूंना हलवायचं काम एकट्या तिसरीकडे. आणि चेहऱ्यावरचं हसणं, रुसणं, डोळा मिटणं, शिट्टी घालणं हे खातं मुळी वेगळ्याच नसेचं, फेशियल नर्व्हचं. गालाच्या भिंतीतला बक्सिनेटर स्नायू घास परत दाढांखाली ढकलतो, म्हणून तो चघळण्याचा वाटतो, पण आहे फेशियलचा. गंमत म्हणजे ट्रायजेमिनलची गालाची फांदी त्याच बक्सिनेटरला भोक पाडून आरपार जाते, गालाच्या आतल्या त्वचेला संवेदना देते आणि त्या स्नायूला हलवत मात्र नाही. तोंडी परीक्षेत यावर माझी गाडी अडली होती. तेव्हापासून ते पक्कं आहे.

उघडण्याची ही यंत्रणा किती नाजूक तोलावर उभी आहे, ते मला एका आषाढीनं दाखवलं. पंढरपुरात दवाखाना असला की वारीच्या दिवसांत दार बंद करून चालत नाही. दशमीची रात्र, दोन वाजून गेलेले. '६५ एकर' या वारकऱ्यांच्या तळावरच्या राहुटीतून चौघं जण एका आजींना घेऊन आले. तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी. बरोबरचा माणूस म्हणाला, "लकवा मारला जणू. भजनात जांभई दिली आन् तोंड मिटंना." पदर बाजूला केला. आ वासलेला, हनुवटी पुढे आलेली, लाळ गळतेय, बोलायचा प्रयत्न केला की नुसता घशातून आवाज. चेहरा वाकडा नव्हता, डोळे मिटत होते, हातापायांत ताकद होती. कानापुढे बोट ठेवलं तर दोन्हीकडे खळगा. काँडाइल उंचवटा ओलांडून पलीकडे उतरलं होतं. आणि आता मिटणारे तिघं, ज्यांनी त्याला परत आणायचं, तेच आखडून त्याला वर खेचत होते. त्यामुळे ते उंचवट्याच्या पुढच्या अंगालाच रुतून बसलेलं. आजींना दात नव्हते. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांत हे जास्त होतं.

अशा वेळी नातेवाईक हमखास हनुवटी वर ढकलायला बघतात. तसं करू नये, ते आणखी रुततं. त्याला आधी खाली न्यायचं, मग मागे. हिपॉक्रेटसच्या काळापासून रीत हीच आहे. आजींना मी साध्या बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकवून बसवलं. दोन्ही अंगठ्यांना जाड गॉज गुंडाळला, कारण जबडा परत जाताना फटकन मिटतो. अंगठे खालच्या हिरडीवर अगदी मागे ठेवले, बाकीची बोटं बाहेरून हनुवटीखाली. "आजी, काही करू नका, खांदे सोडा, माझ्याकडं बघा." मॅसेटर दगडासारखा होता. मिनिटभर नुसती दाबून धरून बसले. जोर लावायचा नसतो, स्नायू दमायची वाट बघायची असते. मग अंगठ्याखाली तो सैल पडल्याचं जाणवलं, किंचित खाली, किंचित मागे, आणि खट्. दोन्ही बाजू एकदम.

आजींनी तोंड मिटलं, गिळलं, पुन्हा उघडून बघितलं. मग पहिलं वाक्य: "माजी पिशवी कुठाय?"

त्यांना आठवडाभर पातळ खायला सांगितलं, आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायला. जाताना त्यांनी तसं करूनही दाखवलं.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष. एका शिक्षिकाबाईंची खालची दाढ काढायची होती. खालच्या जबड्याची भूल म्हणजे त्या शेवईएवढ्या नसेला, ती भोकात शिरायच्या जरा आधी, मीडियल टेरिगॉइड आणि जबड्याचं हाड यांच्यामधल्या फटीत गाठायचं. ही युक्ती पहिल्यांदा न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८४च्या सुमारास केली, तीही कोकेन वापरून. त्यात ते स्वतः त्या व्यसनात सापडले. आपण आज वापरतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. पण सुईची वाट तीच राहिली. समोरच्या बाजूच्या दाढांवरून यायचं, दोन ते अडीच सेंटिमीटर आत जायचं, आणि सुईचं टोक हाडाला हलकेच टेकायला हवं. त्या दिवशी ते टेकलं नाही. मी थोडी आणखी आत गेले, आणि औषध सोडलं.

पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ओठ जड नाही झाला. पण डोळा मिटत नाहीये."

हातपाय गार पडले माझे. तोंडाचा तो कोपरा लोंबत होता, कपाळाला त्या बाजूला आठी पडत नव्हती. मी हाडाच्या मागून पलीकडे गेले होते, कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीत, पॅरोटिडमध्ये. फेशियल नर्व्ह तिच्यातूनच जाते. दातांची नस जागी आणि चेहऱ्याची झोपलेली. मी त्यांना होतं तसं सांगितलं: चूक माझी आहे, सुई मागे गेली, औषध उतरलं की सगळं परत येईल. डोळ्यात थेंब घालून वर ओला गॉज ठेवून तो पट्टीनं मिटवला, कारण न मिटणारा डोळा कोरडा पडतो. त्यांचे यजमान आले, त्यांनाही तेच सांगितलं. त्या तीन तास माझ्या समोर बसून होत्या आणि मी दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "डोळा मिटून बघा." संध्याकाळी पापणी आधी थरथरली, मग मिटली. दाढ आठ दिवसांनी काढली, माझ्याकडेच. एवढा विश्वास त्यांनी ठेवला, याचं मला अजून भरून येतं. तेव्हापासून हाड लागल्याशिवाय मी खालच्या जबड्यात औषध सोडत नाही, असा नेम केला.

(सुई न लावता, घरी बसल्या बसल्या कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, तर कपाळाला आठी पडते की नाही हे डॉक्टर बघतात. मेंदूतल्या झटक्यात बहुधा कपाळ वाचतं, फेशियल नसेच्याच दुखण्यात कपाळही जातं. पण ते ठरवायचं काम घरी करत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.)

तर तो टेम्पोवाला मुलगा. अक्कलदाढेला पू झाला की शेजारचा मीडियल टेरिगॉइड चिडतो आणि आखडतो, तोंड उघडेनासं होतं. हे अगदी नेहमीचं आहे आणि पूर्ण बरं होतं. १६ मिलिमीटर त्यामुळे असतील तर चिंता नव्हती. पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. सूज उतरली. तोंड तेवढंच.

आता भूल द्यायची कशी? तोंड उघडत नाही, हाड गाठायला जागा नाही. त्यासाठी एक वेगळी रीत आहे, मिटल्या तोंडानं द्यायची. वझिरानी यांनी ती १९६० साली मांडली आणि नायजेरियाच्या अकिनोसी यांनी १९७७ साली पुन्हा, म्हणून दोघांचं नाव लागतं. पेशंट दात मिटून बसतो, गाल बाजूला ओढायचा, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या रेषेला समांतर, जबड्याच्या आतून मागे न्यायची. यात हाड लागतच नाही. माझा नेम मोडणारी रीत. कित्येक वर्षं मी ती टाळली होती. मग एका शिबिरात शिकले आणि मोजून, अडीच सेंटिमीटरवर थांबून द्यायला लागले.

या रीतीचा एक फायदा असा की वर जाऊन औषध पडतं, त्यामुळे स्नायूंना हलवणाऱ्या फांद्याही झोपतात. आखडलेला टेरिगॉइड सैल पडतो आणि अडलेलं तोंड खुर्चीतच उघडायला लागतं. मी कितीदा बघितलंय, पेशंटलाच नवल वाटतं. त्या मुलाला भूल दिली. ओठ जड झाला, जीभ जड झाली. दहा मिनिटं थांबले. मग म्हटलं, "आता उघड बघू सावकाश."

१८.

स्नायू झोपलेले होते. दार ओढून धरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तरीही दार उघडत नव्हतं. मी हातमोजा बदलून त्याच्या गालाच्या आतून बोट फिरवलं. तिथं लोण्यासारखं मऊ लागायला हवं. त्याच्या गालात वरून खाली ताणलेल्या सुतळ्या होत्या, दोन्हीकडे. टाळू पांढरट, संगमरवरासारखा. पडजीभ आक्रसून कळीएवढी झालेली.

"मावा कधीपासून?"

त्यानं चार बोटं दाखवली, मग पाचवं. मग म्हणाला, "नववीत असल्यापासनं."

तिखट सोसत नाही हे त्याला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. आई वेगळी, बिनतिखटाची भाजी काढून ठेवते. भाचीच्या वाढदिवसाला फुगा फुगवता आला नाही. पूर्वी गल्लीच्या तोंडावरून शिट्टी घालायचा, ती आता वाजत नाही. फेशियल नर्व्ह धडधाकट आहे, बक्सिनेटर जिवंत आहे, पण ज्या गालात तो विणलेला आहे तो गालच चामड्यासारखा झाला. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हे लिहून ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला हे नाव दिलं. दोष सुपारीचा. तिच्यातलं अरेकोलीन पेशींना कोलॅजेनचे धागे वाढवायला लावतं, टॅनिन ते धागे मोडू देत नाही, आणि तांबं त्यांना एकमेकांत पक्कं गुंफतं. तंबाखू नसली तरी होतं. हे मी रोज सांगते, कारण 'आम्ही नुसती सुपारी खातो' असं सांगणारे रोज भेटतात. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. केरळात एर्नाकुलमच्या अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी २०१२ मध्ये आली. माव्याची सुपारी मात्र शाळेपासून दोन मिनिटांवर कातरून मिळते, आणि याचा मला राग येतो. नववीतल्या मुलाच्या हातात ती पुडी देणाऱ्याला त्या मुलाचं वय दिसत नसेल का?

त्या दिवशी त्याच्या तोंडात पक्कड शिरेना. दाढेभोवती धुऊन साफ केलं आणि सोलापूरला जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. तिथं त्यांनी दाढ काढली आणि गालात इंजेक्शनं सुरू केली. या सुतळ्या पूर्ववत मऊ होत नाहीत. पण मावा सुटला आणि रोज ताण दिला, तर काही मिलिमीटर मिळतात. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरतो. एकावर एक रचून दाढांच्या मध्ये धरायच्या, तिथं थोडा वेळ थांबायचं, आणि काही दिवसांनी मधे एक वाढवायची. त्याची सुरुवात आठ काड्यांनी झाली.

काड्या तो टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवतो, रबरबँड लावून. मालाच्या लोडिंगला थांबला की काढतो. पूर्वी त्या वेळात मावा मळायचा. महिन्यातून एकदा माझ्याकडे येऊन पट्टी लावून घेतो, आणि आकडा माझ्या आधी स्वतःच सांगतो. परवा दुपारी जेवायला बसले होते तेव्हा त्याचा फोन आला. आवाज अजून जरा नाकातूनच येतो.

"मॅडम, अकरावी बसली आज सकाळी. वाकवून नाही, सरळ बसली."